सादरीकरण वर्गात, माहितीपत्रक घराघरांत

शाळेतील सादरीकरण हा दहा मिनिटांचा कार्यक्रम. स्लाइड सरकतात, टाळ्या वाजतात, गुण मिळतात आणि महिनाभर खपून जमवलेली माहिती संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यात जाऊन पडते. तीच माहिती घडी घातलेल्या एका कागदावर उतरली, तर ती शेजारच्या आजोबांपासून इमारतीच्या रखवालदारापर्यंत कोणाच्याही हाती पडू शकते. मात्र सादरीकरणाचे माहितीपत्रक करायचे, म्हणजे स्लाइड छापून कागद दुमडायचा, असे नव्हे. त्यासाठी मुलांना आपलाच विषय पुन्हा एकदा, आणि या वेळी खऱ्या अर्थाने, समजून घ्यावा लागतो.

प्रकल्प हा शब्द आता शहरी घरांना नवा राहिलेला नाही. राज्यातील शाळांमध्ये २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्या जोडीने प्रकल्पालाही गुणपत्रिकेत मानाचे स्थान मिळाले. पुढे घरोघरी संगणक आले, वर्गांत प्रोजेक्टर आले आणि कार्डशीटवर चिकटवलेल्या चित्रांची जागा स्लाइडने घेतली. हेतू चांगला होता. पण प्रत्यक्षात अनेक घरांत प्रकल्प आई-वडिलांचा आणि सादरीकरण मुलांचे, अशी वाटणी झाली. इंटरनेटवरून उचललेला मजकूर, त्याच्याशेजारी एखादे रंगीत चित्र आणि ‘धन्यवाद’ असे लिहिलेली शेवटची स्लाइड, हा साचा पालकांना आता पाठ झाला आहे.

माहितीपत्रक हा साचा मोडते. त्याचे कारण साधे आहे. सादरीकरणाला प्रेक्षक असतात आणि ते शाळेने बसवून ठेवलेले असतात. पत्रकाला वाचक लागतो आणि तो कोणत्याही क्षणी कागद बाजूला ठेवू शकतो. मराठी शाळांना हा अनुभव अगदीच परका नाही. शाळेचे हस्तलिखित आणि व्हरांड्यातील भित्तिपत्रक यांतून अनेक पिढ्यांनी लेखनाचे पहिले धडे गिरवले. घडीचे माहितीपत्रक हे त्याच परंपरेतले, फक्त शाळेच्या भिंतीबाहेर जाणारे भावंड म्हणता येईल.

स्लाइड बोलत नाही, बोलणारा बोलतो

स्लाइडवरील ओळी मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या असतात. ‘पाणी साचू देऊ नका’ एवढेच पडद्यावर असते. कोठले पाणी, का आणि किती दिवसांत, हे सांगणारे मूल शेजारी उभे असते. कागदाशेजारी कोणी उभे नसते. म्हणूनच स्लाइडमधील ओळी जशाच्या तशा पत्रकात उतरवल्या, की ते पत्रक घोषणांची यादी होऊन बसते.

तुटक मुद्द्यांत महत्त्वाची गोष्ट कशी हरवते, याचे अत्यंत गंभीर उदाहरण अवकाश संशोधनाच्या इतिहासात आहे. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणारा ‘कोलंबिया’ यानाचा अपघात १ फेब्रुवारी २००३ रोजी घडला. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या धोक्याविषयी सादरीकरण केले. ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला जात होता, त्यांतील तुकड्यांपेक्षा हा तुकडा शेकडो पट मोठा होता. पण ही सर्वांत महत्त्वाची बाब स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत होती. आलेखन आणि माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिकित्सा केली आणि सविस्तर तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर अपघाताच्या चौकशी मंडळानेही आपल्या २००३ च्या अहवालात टीका केली.

सहावीतल्या मुलांच्या प्रकल्पावर एवढे मोठे ओझे टाकण्याचे कारण नाही. पण धडा तोच आहे. कोणती गोष्ट मोठी आणि कोणती लहान, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असते आणि एका मुद्द्याचा दुसऱ्याशी असलेला संबंध पूर्ण वाक्यातच सांगता येतो. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘मात्र’ हे शब्द स्लाइडवर सहसा नसतात. पत्रकात त्यांच्यावाचून चालत नाही.

आधी वाचक, मग मजकूर

कामाला बसण्यापूर्वी मुलांना तीन प्रश्न विचारावेत. हे पत्रक कोण वाचणार? वाचून झाल्यावर त्याने नेमके काय करावे, अशी अपेक्षा आहे? आणि त्याला आधीपासून काय ठाऊक असेल? या प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात वहीत लिहून घ्यावीत. ‘सगळ्यांसाठी’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्राह्य धरू नये. ‘आमच्या इमारतीत राहणारी कुटुंबे’ हे उत्तर चालेल.

समजा, सहावीतील एका गटाने ‘डेंग्यू’ या विषयावर सादरीकरण केले आहे. पावसाळ्यात शाळा-शाळांतून हा विषय हमखास असतो. सादरीकरणात साधारणतः रोगाची व्याख्या, विषाणूची माहिती, डासाचे शास्त्रीय नाव, लक्षणे, उपाय आणि घोषवाक्ये अशा बारा-पंधरा स्लाइड असतात. इमारतीतील कुटुंबांसाठी पत्रक करायचे ठरले, की यातील निम्म्याहून अधिक माहिती आपोआप मागे पडते. विषाणूचे चार प्रकार असतात, हे खरे असले तरी वाचकाला त्यावरून काही करायचे नसते. उलट ‘हा डास दिवसा चावतो’ हे एक वाक्य दुपारी झोपणाऱ्या बाळाच्या आईसाठी मोलाचे असते. सादरीकरणात ते नवव्या स्लाइडवर असेल. पत्रकात ते पहिल्या पानांवर यायला हवे.

काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवण्याचा सोपा मार्ग चिठ्ठ्यांचा आहे. प्रत्येक स्लाइडमधील एकेक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून मुलांनी त्यांचे तीन ढीग करावेत: वाचकाला लागणारी माहिती, लागली तर बरी अशी माहिती आणि केवळ परीक्षेसाठीची माहिती. पत्रकात पहिला ढीग पूर्ण जातो, दुसऱ्यातील जागा उरेल तेवढेच जाते. तिसरा ढीग वहीत राहतो. गाळण्याची ही कसरत मुलांना जड जाते, कारण जमवलेले टाकून देणे कोणालाच आवडत नाही. परंतु संपादनाचा खरा धडा तोच आहे.

चूक कागदावर आली, की घरोघरी जाते

वर्गात चुकीचे काही बोलले गेले, तर शिक्षक तेथल्या तेथे दुरुस्त करतात. छापून वाटलेला कागद परत गोळा करता येत नाही. म्हणून सादरीकरणातील प्रत्येक विधान पत्रकात जाण्यापूर्वी पुन्हा तपासावे लागते.

डेंग्यूच्याच उदाहरणात मुलांकडून हमखास होणारी चूक म्हणजे तुंबलेल्या गटाराचे चित्र. इंटरनेटवर ‘डास’ शोधले, की तेच पुढे येते. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र प्रामुख्याने घरात आणि घराभोवती साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, पाण्याचे पिंप, गच्चीवर टाकलेले टायर, नारळाच्या करवंट्या आणि पावसाळ्यात छपरावर अंथरलेल्या ताडपत्रीच्या खळग्यांतील पाणी, ही त्याची आवडती ठिकाणे. गटाराचे चित्र पाहून वाचक महापालिकेला दोष देऊन मोकळा होतो आणि स्वतःच्या खिडकीतील बाटलीकडे त्याचे लक्षच जात नाही. एका चुकीच्या चित्राने पत्रकाचा हेतूच उलटा होतो तो असा.

दुसरा मुद्दा कारणांचा. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. आठवड्यातूनच का? उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. दर आठवड्याला भांडी रिकामी केली, तर अळीचा डास होण्याआधीच साखळी तुटते. केवळ पाणी ओतून देणेही पुरेसे नाही, कारण अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतील भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरू शकतात. म्हणून भांडे आतून घासायचे, मग कोरडे करायचे. जी टाकी रिकामी करता येत नाही, तिला घट्ट झाकण हवे. बागेतील हौदात गप्पी मासे सोडता येतात. ‘का’ सांगितले, की सूचना लक्षात राहते. मुलांच्या मूळ स्लाइडमध्ये हे ‘का’ बहुधा नसतेच, आणि ते शोधताना विषय पुन्हा शिकला जातो.

तिसरा मुद्दा औषधांचा. आजारावरील पत्रकात मुलांनी औषधाची मात्रा किंवा घरगुती उपचार लिहू नयेत, हा नियम आधीच घालून द्यावा. पपईच्या पानांचा रस प्यायला सांगणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे लांबले, तर जिवावर बेतू शकते. पत्रकात सांगायचे ते एवढेच: ताप आल्यास डॉक्टरांकडे जा, मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नका, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा. यातही एक बाब ठळक हवी. ही धोक्याची लक्षणे बहुधा ताप उतरू लागल्यावर दिसतात. ‘ताप गेला, म्हणजे बरे वाटले’ हा समज नेमका तेथेच घात करतो. असा मजकूर छापण्यापूर्वी ओळखीच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावा.

कागद दुमडून पाहा

मजकूर निश्चित झाला, की संगणकाकडे धाव न घेता एक कोरा कागद घ्यावा. नेहमीचा ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी तो मधोमध एकदाच दुमडणे उत्तम. त्यातून चार पाने मिळतात: मुखपृष्ठ, आतली दोन आणि मलपृष्ठ. पाचवीपासून पुढच्या मुलांना दोन घड्यांचे, सहा पट्ट्यांचे पत्रक जमू शकते.

दोन घड्यांच्या पत्रकात कागद आडवा धरून त्याचे तीन उभे भाग करायचे. उजवीकडचा भाग आधी आत दुमडायचा आणि डावीकडचा त्यावर झाकणासारखा आणायचा. आत जाणारी पट्टी इतर दोहोंइतकीच रुंद ठेवली, तर घडीत अडकून कागद फुगतो. म्हणून ती ९७ मिलिमीटर आणि उरलेल्या दोन प्रत्येकी १०० मिलिमीटर ठेवाव्यात. पट्टीने मोजून पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि घडीवरून चमच्याची पाठ फिरवावी, म्हणजे घडी धारदार बसते.

दुमडलेल्या या कोऱ्या कागदावर मुलांनी वाचण्याच्या क्रमाने पेन्सिलीने पट्ट्यांची नावे घालावीत आणि मग कागद उलगडावा. बाहेरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे आत दुमडणारी पट्टी, मग मलपृष्ठ आणि सर्वांत उजवीकडे मुखपृष्ठ, असा वरकरणी उलटा वाटणारा क्रम दिसेल. पडद्यावर थेट काम सुरू करणाऱ्यांची पहिली फसगत येथेच होते आणि मुखपृष्ठ भलत्याच जागी छापले जाते. हा कच्चा नमुना संगणकाशेजारी ठेवूनच पुढचे काम करावे.

पट्ट्यांची वाटणी ढोबळमानाने अशी करता येईल. मुखपृष्ठावर शीर्षक आणि एकच चित्र. शीर्षक विषयाचे नाव न सांगता वाचकाशी बोलणारे असावे. ‘डेंग्यू: एक समस्या’ यापेक्षा ‘तुमच्या खिडकीतील बाटलीत डास तर नाहीत ना?’ हे अधिक परिणामकारक. मुखपृष्ठ उघडताच दिसणाऱ्या आतल्या पट्टीवर सर्वांत महत्त्वाचा एक मुद्दा. पूर्ण उलगडल्यावर दिसणाऱ्या तीन पट्ट्यांवर क्रमाने: डास कोठे वाढतो, कोरडा दिवस कसा पाळायचा आणि ताप आल्यास काय करायचे. मलपृष्ठावर माहितीचा आधार, शाळेचे नाव, इयत्ता आणि पत्रक तयार केल्याचा महिना व वर्ष. मुलांचे घरचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि छायाचित्रे मात्र छापू नयेत. वाटलेला कागद कोणाच्या हाती जाईल, हे सांगता येत नाही.

थोडे शब्द, पुरी वाक्ये

एका पट्टीवर साधारण साठ ते सत्तर शब्द सुखाने मावतात. म्हणजे साऱ्या पत्रकाचा मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आसपास राहतो. ही मर्यादा मुलांच्या हिताची आहे. जागा नसली, की पाल्हाळ आपोआप गळतो.

भाषेसाठी एक कसोटी पुरेशी आहे. लिहिलेले वाक्य आजीला किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ‘काय कळले?’ असे विचारायचे. ‘साचलेल्या जलसाठ्यांचे निर्मूलन करावे’ हे वाक्य या कसोटीवर टिकत नाही. ‘दर रविवारी सकाळी दहा मिनिटे काढा. पिंप, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, आतून घासा आणि उन्हात वाळवा’ हे टिकते. पहिल्यात जबाबदारी कोणाचीच नाही. दुसऱ्यात दिवस, वेळ, वस्तू आणि कृती सारे आहे. वाचकाला ‘तुम्ही’ म्हणावे. पत्रक मुलांनी काढलेले असले, तरी ते वाचणारे मोठे असतात.

कृतीच्या पायऱ्यांना क्रमांक द्यावेत; बाकी मजकूर दोन-तीन वाक्यांच्या छोट्या परिच्छेदांत ठेवावा. घोषवाक्य हवेच असेल तर एकच पुरे.

अक्षरे आणि चित्रे

देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा ओळीच्या वर जातात, उकार खाली उतरतात. त्यामुळे इंग्रजी मजकुरासाठी ठरलेले ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. मजकुराची अक्षरे किमान बारा पॉइंटची आणि ओळींतील अंतर दीडपट ठेवले, तर चष्मा लावणाऱ्या वाचकालाही पत्रक सुसह्य होते. संपूर्ण पत्रकात एकच अक्षरवळण वापरावे. शीर्षकांसाठी त्याचाच ठळक प्रकार घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने तयार केलेले ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ ही युनिकोड अक्षरवळणे विनामूल्य मिळतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर छपाईच्या दुकानातील संगणकावर भलतीच अक्षरे दाखवू शकतो. अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपात नेली, की हा धोका टळतो.

पडद्यावर झकास दिसणारे चित्र कागदावर धूसर का येते, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. चांगल्या छपाईसाठी एका इंचात सुमारे ३०० ठिपके लागतात. आठ सेंटिमीटर रुंदीचे चित्र हवे असेल, तर मूळ चित्र किमान ९४५ पिक्सेल रुंद असायला हवे. शोधयंत्रात दिसणारी छोटी चित्रे त्याच्या आसपासही नसतात. शिवाय त्यांवर कोणाचा तरी हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अध्यापनाच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या वापराला सवलत आहे. परंतु वर्गाबाहेर वाटल्या जाणाऱ्या पत्रकाने तिच्यावर विसंबून राहू नये. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची चित्रे त्या परवान्याच्या अटी पाळून आणि चित्रकाराचे नाव देऊन वापरता येतात.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे मुलांनी स्वतः चित्र काढणे. पायांवर पांढरे पट्टे असलेला डास, कुंडीखालची ताटली, घासणी हातात घेतलेली मुलगी, अशी काळ्या शाईतील रेषाचित्रे स्कॅन करून घातली, तर ती साध्या झेरॉक्सवरही स्पष्ट उमटतात. रंगीत छपाई महाग असते आणि बहुतेक प्रती अखेर काळ्या-पांढऱ्याच निघतात. पिवळ्या किंवा फिकट निळ्या रंगातील अक्षरे झेरॉक्समध्ये जवळपास नाहीशी होतात, हेही ध्यानात ठेवावे.

पालकांनी हात कोठे लावावा

या साऱ्यात पालकांची भूमिका संपादकाची असावी, लेखकाची नव्हे. संपादक प्रश्न विचारतो. ‘हे तुला कोठून कळले?’, ‘या वाक्यातून आजोबांनी काय करायचे?’, ‘हे चित्र काढून टाकले तर काय बिघडेल?’ अशा प्रश्नांनी मुले स्वतः दुरुस्ती करू लागतात. टंकलेखनाचा वेग कमी पडतो म्हणून पालकांनी की-बोर्ड हाती घेतला, की पत्रक पालकांचे होते. शुद्धलेखन तपासताना चुकीच्या शब्दाखाली रेघ मारावी; बरोबर शब्द मुलांनी शब्दकोशात पाहावा. मापे मोजणे, दुकानात सोबत जाणे आणि तज्ज्ञांची गाठ घालून देणे, ही कामे मोठ्यांनी जरूर करावीत.

आज एका सूचनेसरशी सबंध पत्रक तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आहेत. त्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. ती सफाईदार मजकूर देतात. तो खरा असेलच असे नाही, आणि निवडण्याचे, गाळण्याचे जे काम मुलाने करायचे असते, तेच त्याच्या हातून काढून घेतले जाते. मुलांनी मजकूर स्वतः लिहिल्यानंतर मांडणीचे पर्याय पाहण्यापुरता त्यांचा उपयोग करायला हरकत नाही.

छापण्याआधी एक प्रत

घाईत पन्नास प्रती काढण्याआधी एकच काढावी. पत्रक आडवे असल्याने दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड कडेवर उलटवण्याचा पर्याय निवडावा लागतो; अन्यथा मागील बाजू डोक्यावर उभी राहते. कोणताही मजकूर कडेपासून आठ ते दहा मिलिमीटर आत ठेवावा, कारण घरचे बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी काठापर्यंत छापत नाहीत. घडीच्या रेषेवर शब्द किंवा चेहरा येत नाही ना, हेही पाहावे. पातळ कागदावर मागील छपाई पुढे दिसते. जरा जाड, शंभर ग्रॅमच्या आसपासचा कागद दोन्ही बाजूंना चांगला चालतो.

ही एक प्रत विषयाशी काहीही संबंध नसलेल्या तिघांना वाचायला द्यावी. वाचून झाल्यावर प्रत परत घेऊन त्यांना विचारावे: रविवारी तुम्ही काय करणार? तिघांपैकी दोघांना सांगता आले नाही, तर चूक वाचकांची नसते. मुलांना ही परीक्षा शाळेतील कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण येथे उत्तरपत्रिका त्यांची आणि परीक्षकही त्यांच्याच इमारतीतला असतो.

वाटपासाठी सोसायटीच्या कार्यालयाची आणि शाळेचे नाव छापले असल्यास शाळेचीही परवानगी घ्यावी. पत्रपेटीत टाकून मोकळे होण्यापेक्षा मुलांनी दोघा-दोघांनी दारोदार जाऊन ते हाती द्यावे. त्यात प्रश्न विचारले जातात. ‘टाकीत औषध टाकले तर चालेल का?’, ‘आमच्या मजल्यावर तर डासच नाहीत, मग हे कशाला?’ अशा प्रश्नांना सामोरे जाताना काहींची उत्तरे येतील, काहींची येणार नाहीत. न आलेले प्रश्न वहीत टिपून ठेवले, तर दुसऱ्या आवृत्तीचा मजकूर तयार झाला असे समजावे. दोन आठवड्यांनी गच्चीवरचे टायर हलले का, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या दिसतात का, एवढे मुलांनी स्वतः फिरून पाहिले, तरी पत्रकाचा निकाल हाती येतो. तो प्रगतिपुस्तकात नोंदवला जाणार नाही. पण आपण लिहिलेल्या चार ओळींमुळे कोणाच्या तरी घरातली एक बाटली रिकामी झाली, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला लिहिण्याचा उपयोग काय, हे पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही.